पहिले गिऱ्हाईक



अध्यक्षाने आरंभी आभार मानावेत, आपल्या अपात्रतेचा सविनय उच्चार करावा आणि मराठी भाषेच्या भवितव्याविषयी चार चिंतेचे शब्द बोलून खाली बसावे, असा आपल्याकडचा शिरस्ता आहे. आभार मी मनःपूर्वक मानतो. उरलेल्या दोन गोष्टी आज माझ्याकडून होणार नाहीत. कारण स्वतः कारखानदार असलेल्या आणि शिक्षणसंस्थांच्या कारभारातही ज्यांचा शब्द चालतो अशा आपल्या स्वागताध्यक्षांनी आत्ताच असे प्रतिपादन केले की, ज्याच्या अंगी गुण आहे त्याला आजच्या काळात कोणी अडवू शकत नाही, आणि जो अडतो त्याने दोष आपल्याच ठायी शोधावा. टाळ्या झाल्या. त्या विद्यार्थ्यांनी दाटीवाटीने भरलेल्या मागच्या रांगांपेक्षा पुढच्या रांगांत अधिक झाल्या, हे या उंचीवरून चांगले दिसते. स्वागताध्यक्षांचा पाहुणचार मी घेतला आहे. तरीही हे प्रतिपादन असत्य आहे असे माझे मत आहे आणि ते मी त्यांच्यासमक्षच मांडणार आहे.

वादाची जागा प्रथम मुक्रर करू. विद्येची द्वारे सर्वांना उघडली, हे मला मान्य आहे. ती आपोआप उघडली नाहीत, हे त्यांनाही मान्य असावे. 1848 साली भिडेवाड्यात मुलींची शाळा भरली, 1919 साली भाऊराव पाटलांनी काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, 1950 साली डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेस महाविद्यालय काढले; त्या दीर्घ लढ्याचा वृत्तान्त आपण जयंत्या-पुण्यतिथ्यांना भक्तिभावाने आळवतो. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. पदवीदान समारंभाचा झगा परत केल्यावर दुसऱ्या दिवशी काय होते?

होते ते असे. कॅम्पस भरतीला येणाऱ्या कित्येक कंपन्यांची पहिली अट ठरलेली असते: दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही ठिकाणी साठ टक्के, शिक्षणात मध्ये खंड नाही, मागे राहिलेला विषय नाही. वरकरणी ही अट निःपक्षपाती दिसते, आणि तिचे समर्थन करणारेही प्रामाणिकपणेच ते करीत असतात. पण बीडकडच्या ज्या मुलाच्या आईबापांची दिवाळी झाली की कोयता घेऊन साखर कारखान्याच्या वाटेला लागण्याची पिढीजात रीत आहे, आणि ज्याने शाळेचे हिवाळे कधी उसाच्या फडात, कधी आजीच्या ओसरीवर काढले, त्याला दहावीस अठ्ठावन्न टक्के पडले, पुढे पदवीस पंच्याहत्तर पडले, तर त्याची खरी किंमत कोणत्या आकड्याने व्हावी? वडिलांना अर्धांगवायू झाला म्हणून जी मुलगी एक वर्ष घरी राहिली, तिच्या त्या वर्षाला अर्जाच्या रकान्यात ‘खंड’ म्हणतात. ज्यांचे घर पंधरा वर्षे कशानेही हादरले नाही, अशांना निवडून काढण्याची ही चाळणी आहे. तिच्यावर गुणवत्तेची पाटी लावणे हा शुद्ध आळस आहे.

चाळणीतून जो सुटला त्याचे पुढे ऐका. कंपन्या मोजक्या महाविद्यालयांच्या दारी जातात. इतरांनी त्या दारी यायचे. परभणी-नांदेडकडची मुले रात्रीच्या एसटीने निघतात, पहाटे पुण्यात वाकडेवाडीच्या स्थानकावर उतरतात, तेथील नळावर तोंड धुतात, वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेला इस्त्रीचा सदरा आडोशाला उभे राहून बदलतात आणि नऊच्या ठोक्याला ॲप्टिट्यूडच्या परीक्षेला बसतात. त्याच परीक्षेला शेजारच्या बाकावर, घरी आठ तास झोपून आणि आईच्या हातचे पोहे खाऊन, कोथरूडचा मुलगा बसलेला असतो. त्या मुलाचा यात काही अपराध नाही. पण दोघांची शर्यत एकाच रेषेपासून सुरू झाली असे प्रमाणपत्र मात्र कोणी देऊ नये.

मग मुलाखत, आणि मुलाखतीतला तो हसतमुख प्रश्न: वडील काय करतात? सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातील कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांशी बोलून 2007 साली जे प्रसिद्ध केले त्यात हेच आढळते, की आम्ही जात पाहत नाही, केवळ गुण पाहतो असे ठासून सांगणारे अधिकारीच उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ जाणून घेतल्यावाचून राहत नाहीत आणि त्यात आपण काही वावगे करतो असे त्यांना वाटतही नाही. त्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी वृत्तपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज धाडले. फरक अर्जावरील नावाचा, म्हणजे नावावरून उमेदवार कोठे उच्चवर्णीय हिंदू, कोठे दलित, कोठे मुसलमान वाटावा एवढाच. पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर उच्चवर्णीय नावाच्या मानाने दलित नावाला सुमारे दोनतृतीयांश आणि मुसलमान नावाला सुमारे एकतृतीयांश पडले. उमेदवार समोर आलेला नव्हता, बोलला नव्हता, त्याचे इंग्रजी अडखळले नव्हते. स्वागताध्यक्ष महाशय, या अर्जांनी दोष आपल्या ठायी कोठे शोधावा?

स्त्रियांच्या बाबतीत तर आपण निदान उघडपणाही गमावला आहे. 1974 साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापलेले होते; ते वाचून बंगळुरात शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना एक पोस्टकार्ड लिहिले, आणि कंपनीला त्यांची मुलाखत घेऊन त्यांना नेमावे लागले. छापील अन्यायाविरुद्ध पोस्टकार्ड लिहिता येते. आज जाहिरातीत तसे काही नसते. मुलाखतीच्या अखेरीस लग्नाचा विचार कधी आहे असे आपुलकीने विचारतात, आणि 2017 पासून प्रसूतीची रजा सव्वीस आठवड्यांची झाली हे मनात धरून यादीवर फुली मारतात. याविरुद्ध पोस्टकार्ड कोणाला धाडावे?

बिनपगारी कामाचा प्रकार त्याहून जुना आहे. इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांतून उमेदवार म्हणून तरुण वर्षानुवर्षे फुकट लेखणी झिजवीत, जागा रिकामी होण्याची वाट पाहत. आणि ती वाट पाहणे अर्थात ज्याच्या घरी शेतीचे किंवा भिक्षुकीचे उत्पन्न असे त्यालाच परवडे. त्या उमेदवारीलाच आता इंटर्नशिप म्हणतात. आपल्या सरकारने 2024 साली पदवीधरास सहा महिन्यांच्या कार्यप्रशिक्षणासाठी दरमहा 10,000 रुपये विद्यावेतन देऊ केले, ते तुटपुंजे असले तरी देऊ केले हे नमूद करतो. प्रकाशनगृहे, नियतकालिके, वृत्तपत्रे, ज्यांचे प्रतिनिधी या मंडपात सन्मानाने बसले आहेत, त्यांतली किती नवशिक्या मुलांना नाव छापण्यापलीकडे काही देतात? आणि मग आपणच परिसंवाद भरवतो की ग्रामीण, दलित, भटक्या समाजांतील संपादक मराठीत का दिसत नाहीत!

आता थोडे कोल्हापूरकडे वळतो. 1894 साली शाहू महाराज गादीवर आले तेव्हा संस्थानच्या सामान्य प्रशासनातील 71 जागांपैकी 60 जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. 26 जुलै 1902 रोजी, महाराज विलायतेत असताना, करवीर सरकारचा हुकूम निघाला की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. हा हुकूम सर्वांना ठाऊक आहे. त्याचा जो भाग भाषणांतून गाळला जातो तो मला अधिक मोलाचा वाटतो: प्रत्येक खात्याच्या प्रमुखाने, हुकुमानंतर केलेल्या सर्व नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सरकारास सादर करावा. सद्भावनेवर त्या राजाचा भरवसा नव्हता, हिशेबावर होता. दफ्तर ज्याच्या हाती, त्याच्या हातून अंमलबजावणी कशी निसटते हे त्याने पुरते ओळखले होते.

आणि त्याला आणखी एक गोष्ट कळली होती. गंगाराम कांबळे हा सरकारी पागेतला नोकर. पाण्याला शिवला म्हणून त्याला बेदम मारहाण झाली. महाराजांनी त्याला नोकरीच्या जाचातून मोकळे करून स्वतंत्र धंद्यासाठी पैसा दिला, आणि त्याने चहाचे दुकान काढले. दुकान स्वच्छ, चहा उत्तम, पाटी रीतसर. गिऱ्हाईक एकही फिरकेना. आजच्या भाषेत सांगायचे तर संधी संपूर्ण देऊन झाली होती, भांडवल मिळाले होते, कौशल्य होते, कायद्याची आडकाठी नव्हती, आणि तरीही संध्याकाळी गल्ला रिकामा होता. तेव्हा महाराजांची खडखडा नावाची घोडागाडी त्या दुकानासमोर थांबू लागली. महाराज स्वतः चहा मागवीत आणि गाडीत बसलेल्या प्रतिष्ठित मंडळींनाही पाजीत. छत्रपतींनी घेतलेला चहा नाकारायची कोणाची छाती? आमचे विद्यार्थी पदवीचे दुकान मांडून बसले आहेत. त्यांना चौथ्या कौशल्यवर्गाची गरज नाही, पहिल्या गिऱ्हाइकाची आहे.

आता ज्या विषयाला हात घालू नये असे मला काल रात्री दोन हितचिंतकांनी सुचवले, तो घेतो. उद्योगांना मी एवढे बोललो, पण आपल्या शिक्षणसंस्थांचे काय? ज्यांच्या प्रवेशद्वारी फुले, शाहू, आंबेडकर यांच्या तसबिरी आहेत, त्या संस्थांत नेट-सेट उत्तीर्ण झालेली, पीएच.डी. केलेली मुले तासिका तत्त्वावर राबतात. सुट्टीत तास नाहीत म्हणून मानधन नाही, आणि झालेल्या तासांचे मानधनही महिनोन्महिने थकते. जागा निघालीच तर मुलाखतीपूर्वी जी रक्कम कानात सांगितली जाते तिला देणगी म्हणतात. तीस-चाळीस लाखांचे आकडे चहाच्या टपरीवर उघड बोलले जातात, आणि विकायला शेतही ज्याच्याकडे नाही तो भूमिहीनाचा मुलगा, आरक्षित जागेवर अर्ज करूनसुद्धा, त्या लिलावात बोली लावू शकत नाही. यावर संस्थाचालक म्हणतात, पुरावा दाखवा. पुरावा कोण दाखवील? ज्याने दिले तो नोकरीत आहे, ज्याने दिले नाही तो दुसरीकडे अर्ज करीत आहे.

विद्यार्थी चळवळीतील मित्रांनाही एक सांगणे आहे, ते गोड लागणार नाही. आपण जागांच्या टक्केवारीवर रस्त्यावर उतरतो, उतरावेच. पण ज्या जागांवर ती टक्केवारी लावायची त्याच आटत चालल्या आहेत. 2023 साली खाजगी एजन्सींकडून कंत्राटी भरती करण्याचा शासननिर्णय आपल्या संतापामुळे मागे घ्यावा लागला, पण कंत्राटाची रीत त्याने संपली असे नव्हे. पुढच्या पिढीची पहिली नोकरी बहुतांशी खाजगी असणार, आणि तेथे आपली मागणी अद्याप तयारच नाही.

गुणवत्ता खालावेल, असे उत्तर येईल. ते 1902 सालीही आले होते. माझे म्हणणे त्याहून साधे आहे. गुणावरच निवड होत असेल तर वही उघडी ठेवायला हरकत कसली? शेअर बाजारातील बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांना 2022-23 पासून आपल्याकडे स्त्रिया किती, दिव्यांग किती हे अहवालात छापावे लागते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रत्येक आस्थापनेला समान संधीचे धोरण जाहीर करणे भाग पाडले आहे. ते छापल्याने एखादा कारखाना बंद पडल्याचे ऐकिवात नाही. रकाने थोडे वाढवायचे आहेत, इतकेच.

म्हणून उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी अध्यक्षपदावरून पुढील ठराव मांडणार आहे: या मंडपात प्रतिनिधित्व असलेल्या प्रत्येक कारखान्याने, शिक्षणसंस्थेने, प्रकाशनगृहाने आणि वृत्तपत्राने, मागील तीन महिन्यांत नव्या पदवीधरांपैकी किती जणांनी अर्ज केले, किती जणांना बोलावले, किती जणांना कोणत्या वेतनावर नेमले, आणि त्यांत स्त्रिया, दिव्यांग, अल्पसंख्य, मागासवर्गीय व ग्रामीण महाविद्यालयांतून आलेले किती, याचा तक्ता, उमेदवारांची नावे वगळून, आपल्या सूचनाफलकावर लावावा आणि दर तिमाहीस तो नवा करावा. ठरावाला सूचक मी आहे. अनुमोदक हवा आहे, आणि तो मागच्या रांगांतून नको; तेथून शंभर मिळतील. स्वागताध्यक्ष महाशय, आपले नाव कार्यवाहांनी लिहून घ्यावे काय?