बॅग भरण्याआधी विचारायचे प्रश्न

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात पालक आणि विद्यार्थ्यांसाठी झालेलं भाषण. वक्त्या आपल्याच सोसायटीच्या रहिवासी, बँकेतून निवृत्त आणि व्यवस्थापक समितीच्या माजी खजिनदार आहेत.)



सेक्रेटरींनी मला गणपतीतच गाठलं. म्हणाले, "काकू, आपल्या सोसायटीतून यंदा तीन मुलं परदेशी चाललीत, आणखी दोन घरांत तयारी सुरू आहे. जरा बोला त्यांच्याशी." मी आधीच सांगते, मी कन्सल्टंट नाही. कुठलं विद्यापीठ चांगलं, ते मला विचारू नका. पण ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच कर्ज खात्यात. आणि आमच्या मुलाने अमेरिकेत एमएस केलं. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय.

आपण इथे राहायला आलो तेव्हा सभेत काय विषय असायचे? पाण्याचा दाब, गच्चीची गळती, पार्किंग. तेच विषय आजही आहेत म्हणा! पण समितीकडे आता एक नवा अर्ज येतो. 'मुलीच्या परदेशी शिक्षणासाठी सदनिका तारण ठेवायची आहे, ना-हरकत पत्र मिळावे.' खजिनदार असताना मी अशा पत्रांवर सह्या केल्यात. प्रत्येक वेळी मनात यायचं, या घरात बसून सगळं बोलून झालंय ना?

म्हणून माझं आज एकच सांगणं आहे. निघण्याआधी घरात तीन कागद लिहा. एक पैशांचा, एक कागदपत्रांचा आणि तिसरा कुठला, ते शेवटी सांगते.

पहिला कागद पैशांचा. साधारणपणे साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका तारण मागतात. आपल्यापैकी बहुतेकांकडे तारण म्हणजे हाच फ्लॅट. आपली जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली, म्हणून सोसायटीच्या पत्राबरोबर सिडकोचंही ना-हरकत पत्र लागतं. करारनाम्यांची साखळी आणि शेअर सर्टिफिकेट तयार ठेवा, मेन्टेनन्सची थकबाकी भरून टाका. ऑफर लेटर आल्यावर धावपळ नको, दोन-तीन महिने आधी लागा.

आता हिशेब. समजा ३० लाख कर्ज, व्याज १० टक्के. कोर्स चालू असताना आणि पुढे सहा महिने ते वर्षभर बहुतेक बँका हप्ता मागत नाहीत. लोकांना वाटतं, तीन वर्षं निवांत. पण व्याज थांबत नाही. सरळव्याजाने महिन्याला २५ हजार, तीन वर्षांत ९ लाख. म्हणजे परतफेड सुरू होते ती ३९ लाखांवर. दहा वर्षांसाठी हप्ता येतो साधारण साडेएक्कावन्न हजार. तेच व्याज दरमहा भरत गेलात, तर हप्ता ३९,६०० च्या आसपास राहतो. प्रत्यक्षात बँक पैसे सेमिस्टरप्रमाणे सोडते, त्यामुळे आकडा थोडा कमी येईल, पण अंदाज हाच. झेपत असेल तर व्याज भरत चला. निम्मं भरलं तरी फरक पडतो.

कर्ज रुपयांत आणि फी डॉलरमध्ये, हेही विसरू नका. २००१ साली डॉलर ४७ रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये तो ८५ च्या वर गेला. दुसऱ्या वर्षाची फी आजच्या दराने धरू नका, वर थोडी गादी ठेवा. नियमही बदलतात. कॅनडाला जाणाऱ्या एकट्या विद्यार्थ्याला राहण्याखाण्यासाठी १०,००० डॉलर दाखवावे लागायचे. १ जानेवारी २०२४ पासून ते एकदम २०,६३५ झाले आणि पुढच्या वर्षी आणखी वाढले. शेजारच्या विंगमधल्या दादाने चार वर्षांपूर्वी काय केलं, त्यावर जाऊ नका. त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा. ब्रिटनसाठी पैसे खात्यात सलग २८ दिवस दिसावे लागतात. २७ व्या दिवशी काढलेत, तर अर्ज अडकतो.

आणि 'पार्टटाइम करून फी भरेल' हे वाक्य कृपया विसरा. अमेरिकेत सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास, तेही कॅम्पसवरच. ब्रिटनमध्ये डिग्रीच्या मुलांना २०, कॅनडात कॅम्पसबाहेर २४, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८. त्यात किराणा निघतो, फार तर भाडं. फी नाही. आणि नियम मोडून काम केलं तर व्हिसाच जातो.

दुसरा कागद कागदपत्रांचा. ट्रान्सक्रिप्टला वेळ लागतो, शेवटचा निकाल लागला की लगेच अर्ज करा. आयईएलटीएसचे गुण दोनच वर्षं चालतात. चष्म्याचा नंबर आणि दातांची कामं इथेच उरका, तिकडच्या विद्यार्थी विम्यात दात बहुतेक वेळा नसतात. नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन औषधाच्या मूळ नावासकट घ्या.

आता एक गोष्ट सगळेच विसरतात. मोबाइल! बँकेचा ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो. ते सिम बंद पडलं की मुलगा तिकडे आणि खातं इकडे. रोमिंग चालू ठेवा, तिथे मेसेज येतो की नाही ते पहिल्याच आठवड्यात बघा. शिकायला गेलेला विद्यार्थीही परकीय चलन कायद्याने अनिवासी धरला जातो. त्याचं बचत खातं एनआरओ करून घ्यायचं असतं, ते जाण्याआधी बँकेत विचारा.

आता थोडं मुलांशी बोलते. तुमचं इंग्रजी चांगलं आहे, मला ठाऊक आहे. अडचण शब्दांची नसते, रीतीची असते. आपल्याकडे सर बोलतात, आपण लिहून घेतो. तिकडे वर्गात बोलायचे गुण असतात. प्रोफेसर आठवड्यातून ठरावीक वेळ केबिनमध्ये बसतात, ते तुमच्यासाठीच. आमचा मुलगा पहिले दोन महिने गेलाच नाही, म्हणे 'सरांना वाटेल याला काही येत नाही'. तिथे उलट आहे. जो जात नाही, त्याची त्यांना काळजी वाटते.

आणि असाइनमेंट. इथे सिनियरची जर्नल घेऊन रात्रीत छापून काढणं हा जणू अभ्यासक्रमाचाच भाग! हसू नका, माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर झालंय ते. तिकडे दुसऱ्याचे चार परिच्छेद नाव न देता उतरवले तर ती चोरी धरतात. विषयात नापास करतात, कधी विद्यापीठातूनही काढतात. संदर्भ कसा द्यायचा हे शिकवायला लायब्ररीत माणसं असतात. पहिल्याच महिन्यात जाऊन शिका.

घराचं. खोली स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने बघितल्याशिवाय अनोळखी माणसाला डिपॉझिट पाठवू नका. आधी विद्यापीठाचं हॉस्टेल बघा. चौघांनी मिळून एकच करार केलात आणि एक जण मध्येच सोडून गेला, तर त्याचंही भाडं उरलेल्या तिघांच्या अंगावर येऊ शकतं. सही करण्याआधी ते कलम वाचा. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, आपला मिक्सर नेऊ नका. कुकर न्या. आणि फोडणी देताना खिडकी उघडा, नाहीतर धुराचा अलार्म वाजून सगळी इमारत खाली उतरते. आमच्या चिरंजीवांनी एका हिवाळ्यात ते करून दाखवलंय, तीस-चाळीस माणसं बर्फात उभी!

आता तिसरा कागद.

दुसऱ्या सेमिस्टरला आमच्या मुलाचे फोन कमी झाले. 'बिझी आहे' म्हणायचा. आम्हीही खूश, अभ्यास करतोय. एका रात्री अडीचला फोन आला. एका विषयात गाडी अडकली होती, झोप लागत नव्हती, तीन आठवडे तो धड जेवला नव्हता. मी म्हटलं, अरे, सांगायचं नाही का? तो म्हणाला, "आई, तुम्ही घर तारण ठेवलंय. मी कसं सांगू?"

मंडळी, मी आयुष्यभर लोकांची घरं तारण ठेवून घेतली. त्या कागदाचं वजन कोणाच्या खांद्यावर पडतं, ते मला त्या रात्री कळलं.

तो विषय सोडायला निघाला होता. मी म्हटलं, आधी ऑफिसात विचार. नशीब, विचारलं. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर इंटरनॅशनल ऑफिसच्या परवानगीशिवाय ठरलेल्या संख्येपेक्षा कमी विषय घेतले तर व्हिसा धोक्यात येतो. परवानगी घेऊन केलं तर मार्ग असतात. विद्यापीठात समुपदेशकही असतात. तो गेला, सावरला. डिग्रीला एक सेमिस्टर जास्त लागलं. खर्च वाढला, पण मुलगा धड राहिला.

म्हणून तिसरा कागद असा लिहा: 'जमलं नाही तर काय?' एखादं सेमिस्टर थांबायचं झालं तर विद्यापीठ रजा देतं का? फी किती परत मिळते? परत यावं लागलं तर हप्ता कोण, कशातून भरणार? हे मुलांच्या समोर, मुलांना घेऊन लिहा. अपशकुन म्हणून टाळू नका. आपण विमा काढतो, तो काय मरायची घाई असते म्हणून?

परत येणं म्हणजे हरणं असं कोणाला वाटत असेल, तर बाबासाहेबांचं उदाहरण आठवा. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ मध्ये लंडनला. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावं लागलं. पण येताना चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुरं करायची परवानगी त्यांनी घेऊन ठेवली होती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले, मित्राकडून कर्ज घेतलं, १९२० मध्ये पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. मिळवली. एवढ्या मोठ्या माणसालाही अर्ध्यावरून यावं लागलं. पण दार लावून आले नाहीत.

मुलांनो, तुम्हीही दार लावू नका. आईबाबांनो, निरोप देताना 'नाव काढ' म्हणाच, पण त्याच्या आधी 'काहीही झालं तरी फोन कर' म्हणा. घर तारण आहे ते बँकेकडे. मुलाकडे नाही.

दर रविवारी सकाळी दहा ते अकरा मी सोसायटीच्या ऑफिसात बसते. कर्जाचं मंजुरीपत्र, भाड्याचा करार, जे असेल ते घेऊन या. सही करण्याआधी या, नंतर नको. चहा माझ्याकडून.