पानाने शेंड्याला धाडलेला निरोप
(हीरक महोत्सवानिमित्त मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



रोपाने केव्हा फुलावे, हे कोण ठरविते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी आपल्या परिचयाचे सोयाबीन निवडले आहे. आपल्या जबलपुरात १९६४ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे ‘जेएस ३३५’ हे वाण पुढे विदर्भ-मराठवाड्याच्या शिवारांतही घरचे झाले.

सोयाबीन दिवसाची लांबी ओळखते, हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली दाखविले. दिवस लहान व रात्री मोठ्या होऊ लागल्या, की ते फुलते. परंतु प्रकाश मोजते पान, आणि फुलावयाचे असते शेंड्याला किंवा बगलेतल्या अंकुराला! मग निरोप नेतो कोण? रशियात चैलाख्यान यांनी शेवंतीवर प्रयोग करून पानातून शेंड्याकडे काही संदेश जात असावा, असे मांडले व १९३७ साली त्या अज्ञात दूताला ‘फ्लोरिजेन’ हे नाव दिले. त्याची ओळख पटण्यास सत्तर वर्षे लागली. २००७ साली स्पष्ट झाले, की हा दूत म्हणजे एक छोटेसे प्रथिन आहे. मोहरीच्या कुळातील एका रानरोपात ते अवघ्या १७५ अमिनो आम्लांचे आहे.

सोयाबीनमध्येही अशीच प्रथिने आहेत. मोठ्या दिवसांत त्यांची जनुके दडपलेली असतात. दिवस लहान होताच ती जागी होतात. पानात तयार झालेले प्रथिन अन्नरसाबरोबर अंकुरापर्यंत जाते, तेथे दुसऱ्या एका प्रथिनाशी जोडी जमविते आणि फुलोऱ्याची जनुके कार्यान्वित करते. पाने काढणारा अंकुर मग फुले काढू लागतो.

पेरणी फार लांबली, तर हा निरोप रोप भरण्यापूर्वीच येतो. फुले येतात, पण रोप खुजे राहते आणि शेंगा थोड्या लागतात.

पालकहो, हे मी हेतुपूर्वक सांगत आहे. आठवीतल्या मुलाला स्पर्धापरीक्षेच्या शिकवणीत अडकवून त्याचे वाचन, खेळ व छंद सोडविले जात आहेत. मूल काही रोप नव्हे. तरीही भरण्यासाठी अवधी दोघांनाही लागतोच. तेवढा अवधी आपण मुलांना द्यावा, ही माझी विनंती आहे. आणि ज्या माजी विद्यार्थ्यांची शेती आहे, त्यांनी येत्या श्रावणात आमच्या मुलांना फुललेले सोयाबीन अवश्य दाखवावे.