पागोळीचे पाणी आणि दुष्काळनिवारणाचे कार्य
(दुष्काळनिवारण समितीच्या काठी येथील सभेत झालेले भाषण)



दुष्काळनिवारण हा शब्द उच्चारला की धान्याची पोती, गुरांच्या छावण्या आणि पाण्याचे टँकर यांचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. ही साधने आवश्यक आहेत, आणि त्यांसाठी ज्यांनी हात सैल सोडला त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु संकट उंबरठ्यावर आल्यानंतर धावणारी ही साधने होत. आज मला विनंती करावयाची आहे ती संकटाच्या पुष्कळ आधी, ओढे खळखळत असताना हाती घ्यावयाच्या कामाविषयी. म्हणजे पावसाचे पाणी साठविण्याच्या टाक्यांविषयी.

आपल्या प्रांतातील दुष्काळांचा इतिहास पाहिला तर प्रत्येक आपत्तीने समाजाला एकेक धडा दिलेला दिसतो. १८७६-७७ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची हकीकत जमवून ती सरकारपुढे मांडली, आणि रयतेची दैना लेखी पुराव्यानिशी सांगण्याचा प्रघात पाडला. त्यानंतर दुष्काळनिवारणाचे नियम तयार झाले. १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्याला संवत १९५६ वरून लोक छप्पनचा दुष्काळ म्हणत, तो खानदेशावर भयंकर कोसळला, आणि केवळ नियम छापल्याने माणसे वाचत नाहीत हे दिसून आले. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी स्त्रीपुरुष खडी फोडण्याच्या व रस्त्यांच्या कामांवर होते. त्या अनुभवातून, वि. स. पागे यांच्या चिकाटीमुळे, रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत झाला. अन्नाच्या बाबतीत आपण दानापासून हक्कापर्यंत अशी मजल मारली. पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत मात्र डोंगरातील पाडा अजूनही पुष्कळदा टँकरची वाट पाहत बसतो. आणि जेथे टँकर चढू शकेल असा रस्ताच नाही, तेथे वाट पाहण्यालाही अर्थ उरत नाही.

आता या मुलखाकडे पाहा. काठी हे सातपुड्यातील जुन्या मेहवासी संस्थानांपैकी एक गाव. १९९८ साली धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला, तेव्हापासून अक्कलकुवा तालुक्यासह ते या जिल्ह्यात आहे. येथे पाऊस पडत नाही असे कोणीही म्हणणार नाही. आषाढ-श्रावणात डोंगर धुक्याने झाकले जातात आणि प्रत्येक घळीतून पाणी धावते. पण ते धावते, थांबत नाही. उतार तीव्र, मातीचा थर पातळ, आणि त्याखाली काळा कातळ. या कातळात पाणी भेगांपुरतेच मुरते. जंगल विरळ झाल्यापासून तेवढेही मुरेनासे झाले. आश्विनात भरभरून वाहणारा झरा फाल्गुनात बोटाएवढा होतो, आणि ज्या सुमारास काठीची राजवाडी होळी उंच बांबूवर पहाटे पेटते, त्या सुमारास पुष्कळ पाड्यांत झऱ्यापाशी हंड्यांची रांग लागू लागते.

या तहानेतील विपरीत गोष्ट अशी की, याच डोंगरांच्या उत्तर पायथ्याशी नर्मदा आहे. सरदार सरोवर २०१९ साली प्रथमच आपल्या १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले. त्या जलाशयाने अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावांना बाधा पोहोचविली. अथांग पाणी खाली आणि कोरडी घागर वर, असा हा देखावा आहे. खालचे पाणी शेकडो मीटर उंच चढवून विखुरलेल्या पाड्यांत घरोघर पोहोचविणे हे मोठ्या खर्चाचे काम होय. पण आकाशातील पाणी प्रत्येक छपरावर आपण होऊन, कोणतेही यंत्र न लावता, येऊन उतरते. ते पागोळीवाटे अंगणात पडून वाहून जाते, एवढाच काय तो आपला व त्याचा संबंध!

कोणी म्हणेल, दुष्काळात पाऊसच नसतो, मग टाकी भरणार कशी? हा आक्षेप महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर शब्दांपेक्षा अंकांनी दिलेले बरे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. सहा मीटर लांब व पाच मीटर रुंद असे लहानसे छप्पर घ्या. ते ३० चौरस मीटर झाले. सबंध पावसाळ्यात ८०० मिलिमीटर पाऊस धरला तर त्यावर २४,००० लिटर पाणी पडते. पहिल्या सरी सोडून द्याव्या लागतात, काही पाणी उडते, काही सांडते. म्हणून चौथा हिस्सा वजा करू. उरले १८,००० लिटर. आता गरज पाहू. घरात सहा माणसे, प्रत्येकी पिण्यास व स्वयंपाकास दिवसाला आठ लिटर; म्हणजे ४८ लिटर. फाल्गुनापासून पावसापर्यंतचे १२० दिवस धरले तर ५,७६० लिटर. दोन मीटर व्यासाची व दोन मीटर उंचीची गोल टाकी सुमारे सव्वासहा हजार लिटर पाणी धरते. म्हणजे ती पुरते, आणि थोडे उरतेही.

आता पाऊस निम्म्याने कमी झाला असे समजा. ४०० मिलिमीटर पावसाचे, तूट वजा जाता, त्याच छपरावरून ९,००० लिटर पाणी मिळेल. पीक करपेल, विहीर आटेल, तरीही टाकी काठोकाठ भरेल! शेताला चांगले वर्ष लागते. पिण्याच्या टाकीला वाईट वर्षही पुरते. म्हणूनच तिला मी दुष्काळनिवारणाचे साधन म्हणतो. शिवाय हे ४८ लिटर म्हणजे स्त्रीच्या डोक्यावरील चार खेपा होत. चार महिने, दररोज, चार वेळा दरीत उतरणे व चढणे. हा खर्च कोणत्याही जमाखर्चाच्या वहीत लिहिलेला नसतो, म्हणून तो फुकट आहे असे कोणी समजू नये.

ही कल्पना काही परदेशातून आणावयाची नाही. कान्हेरीच्या लेण्यांत कातळात कोरलेली पाण्याची टाकी आजही आहेत. तेथील प्राचीन शिलालेखांत त्यांना पोढी असा शब्द आहे, आणि ती कोणी दान दिली याच्या नोंदी आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, किल्ला बांधण्यापूर्वी तेथे पाणी आहे की नाही हे पाहावे, आणि नसेल तर कातळ फोडून टाकी बांधावी, एका झऱ्यावर विसंबून राहू नये, असा उपदेश आहे. किल्लेदाराला जे शहाणपण सांगितले ते पाड्यातील संसाराला लागू नाही असे कोण म्हणेल?

फरक इतकाच की, आज कातळ फोडावा लागत नाही. लोखंडी सळ्यांच्या हलक्या सांगाड्यावर बारीक जाळी बांधून, तिच्यावर दोन्ही बाजूंनी सिमेंट-वाळूचा गिलावा करून जी पातळ भिंतीची टाकी होते तिला फेरोसिमेंटची टाकी म्हणतात. विटांच्या टाकीपेक्षा तिला साहित्य थोडे लागते, आणि डोंगरात जेथे प्रत्येक पोते पाठीवरून न्यावे लागते तेथे ही गोष्ट निर्णायक ठरते. कोकणात व अन्यत्र मुंबईच्या जलवर्धिनी प्रतिष्ठानने, उल्हास परांजपे या स्थापत्य अभियंत्यांच्या पुढाकाराने, अशा स्वस्त टाक्यांचा प्रसार केला आहे. चिरलेल्या बांबूची पन्हळ छपराच्या कडेला बांधली म्हणजे पागोळ्यांचे पाणी टाकीत येते. आणि बांबूचे काम काठीच्या माणसांस कोणी शिकवावे असे नाही.

मात्र या कामाला काळवेळ आहे. गिलावा केल्यावर किमान दोन आठवडे तो सतत ओला ठेवावा लागतो. नाहीतर भिंतीला तडे जातात. वैशाखात, जेव्हा पिण्यासच पाणी नाही, तेव्हा टाकी कशी भिजविणार? म्हणून हे काम झरे वाहत असताना, कार्तिक ते पौष या काळातच झाले पाहिजे. आणि नेमक्या याच काळात पाड्यांतील तरुण माणसे ऊसतोडीसाठी व मजुरीसाठी गुजरातेकडे व अन्यत्र गेलेली असतात. ती परततात होळीला. टाकी बांधण्याचा हंगाम आणि हातांच्या अभावाचा हंगाम एकच, ही येथील खरी अडचण होय.

स्वयंसेवकांच्या भागीदारीचे महत्त्व या ठिकाणी आहे. स्थलांतरापूर्वी, आश्विनात, तरुणांनी पाया खणावा, दगड व नाल्यातील वाळू जागेवर आणून टाकावी. ते गेल्यानंतर मागे राहिलेल्या वडीलधाऱ्या माणसांना व भगिनींना बाहेरून आलेल्या मित्रांनी हात द्यावा. सिमेंट, जाळी व कुशल गवंडी समितीने पुरवावा. होळीला परतणाऱ्या मुलाला घराशेजारी टाकी उभी दिसेल, आणि पुढच्या पावसापूर्वी पन्हळ बांधण्याचे काम त्याच्या वाट्याला येईल.

अशी भागीदारी या डोंगराला अपरिचित नाही. एकाच्या शेतावर सर्वांनी राबावे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या, या रीतीला देशावर इर्जिक म्हणतात. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत तिला लाह हे नाव आहे. शेजारच्या अक्राणी तालुक्यात बिलगाव येथे २००३ साली गावकऱ्यांनी श्रमदान केले, केरळातील पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी या संस्थेच्या अभियंत्यांनी विद्या दिली, आणि उदई नदीच्या पाण्यावर १५ किलोवॅटचे लहान वीजकेंद्र उभे राहून घरांत दिवे लागले. २००६ च्या पावसाळ्यात ते केंद्र पाण्याखाली जाऊन निकामी झाले. परंतु बाहेरची विद्या व गावचे श्रम यांची सांगड घालता येते, हे जे बिलगावने सिद्ध केले ते कोणत्याही पुराने वाहून गेलेले नाही.

स्वयंसेवक मित्रहो, आता एक कठोर गोष्ट आपणांस सांगितली पाहिजे. कोणीतरी येऊन बांधून दिलेली, आणि नंतर तडा गेल्यावर कोणीही न लिंपलेली कोरडी टाकी आपण सर्वांनी कोठे ना कोठे पाहिली आहे. ती सिमेंटच्या दोषाने कोरडी पडलेली नसते. ती कोणाची हे ठरलेले नसते, म्हणून कोरडी पडलेली असते. यास्तव पहिला दगड रचण्यापूर्वी पाड्याने एकत्र बसून तीन गोष्टी ठरवाव्या: टाकी कोठे असावी, पाणी कोणी व किती घ्यावे, आणि दरवर्षी ती साफ कोण करील. जागा ठरविताना पाणी वाहणाऱ्या भगिनींचा शब्द अखेरचा असावा. शाळेच्या वा समाजमंदिराच्या छपरावरील सामाईक टाकी असेल तर तिची किल्ली एकाच घरात राहू नये. दात्याचे नाव टाकीवर कोरले नाही तरी चालेल. पण आत पाणी किती उरले हे दाखविणाऱ्या खुणा मात्र अवश्य असाव्या, म्हणजे चैत्रात कोणाला किती द्यावयाचे याचा वाद होणार नाही.

काठीच्या बंधुभगिनींनो, टाकीची निगा ही तुमच्या हातची गोष्ट आहे. ज्येष्ठात छप्पर झाडावे व टाकी आतून घासावी. पहिल्या दोनतीन सरींचे पाणी आत घेऊ नये; त्यात धूळ व पाखरांची घाण असते. तोंडाला बारीक जाळी व वर घट्ट झाकण असावे, म्हणजे डास शिरणार नाहीत आणि उजेड नसल्यामुळे शेवाळ धरणार नाही. पाणी तोटीने घ्यावे, भांडे आत बुडवू नये, आणि पिण्यापूर्वी ते उकळावे. टाकी अगदी कोरडी होऊ देऊ नये. तळाशी थोडे पाणी राहिले तर गिलावा तडकत नाही. ज्यांचे छप्पर गवताचे आहे त्यांच्यासाठी शेजारच्या कौलारू वा पत्र्याच्या छपराचा वाटा ठरवावा.

टाकीकडून जे होणार नाही तेही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. तिने गुरांची तहान भागणार नाही, धुणे होणार नाही, एक वाफाही भिजणार नाही. त्यासाठी उतारावर बांध, झऱ्यांची राखण आणि झाडे हाच मार्ग आहे. धुळे जिल्ह्यातील बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने जंगल राखले आणि पाणी परत आणले. ते कार्य वर्षानुवर्षांचे आहे. तोपर्यंत मुलाच्या ओठाला पाणी लावणारी टाकी ही पहिली पायरी होय. तिच्यातील पाणी केवळ मुखासाठी राखावे, हा नियम मोडला तर वरचे सर्व अंक खोटे ठरतील.

म्हणून समितीच्या वतीने माझी विनंती अशी आहे. ज्यांच्यापाशी द्रव्य आहे त्यांनी ते वैशाखातील बातम्या वाचून नव्हे, तर आश्विनातच द्यावे. कारण तेव्हा दिलेला रुपया टाकी बांधतो, आणि वैशाखात दिलेला टँकरबरोबर संपतो. ज्यांच्यापाशी विद्या आहे त्यांनी येथील दोनचार तरुणांना व भगिनींना गवंडीकाम असे शिकवावे की पुढच्या पाड्यात आपली गरज भासू नये. ज्यांच्यापाशी केवळ दोन हात आहेत त्यांनी ते घेऊन यावे आणि येथील माणसांच्या सांगण्याप्रमाणे राबावे. आणि पाड्यांनी दगड, वाळू, श्रम व निगराणी यांचा आपला हिस्सा घालावा; कारण ज्या टाकीत आपला घाम आहे ती कोणी कोरडी पडू देत नाही.

पाऊस आपला वाटा दरवर्षी, थोडा वा फार, छपरावर आणून देतोच. तो अंगणातून वाहून जाऊ द्यावयाचा की राखावयाचा, हा निर्णय येत्या आश्विनापूर्वी आपण केला पाहिजे. तो आपण कराल असा मला भरवसा आहे.