तीन सेकंदांचा अवकाश



शिक्षकाने प्रश्न विचारल्यावर मुलाला विचारास किती अवधी मिळतो? मेरी बड रो या विदुषीने अमेरिकेतील प्राथमिक शाळांच्या वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून तो मोजला. १९७४ साली प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष असा की, सरासरी अवघा १ सेकंद! शिक्षक ३ सेकंद थांबू लागले तेव्हा उत्तरे विस्तारली, मुले आपणहून प्रश्न विचारू लागली आणि 'मंद' गणली गेलेलीही बोलती झाली. ज्यांच्याकडून अपेक्षा कमी, त्यांना वेळही कमी दिला जात होता, हे आम्हांला अधिक बोचते. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना गोणपाटावर वेगळे बसावे लागले; त्यांच्या अनुयायांस याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

येथे आपली मुले दोन भाषांतून शब्द शोधतात. तो सापडण्यापूर्वीच घरातील वडीलधारे (बहुधा प्रेमापोटीच) वाक्य पुरे करून टाकतात. रुग्ण बोलत असता मध्येच तोडले, तर खरे दुखणे पोटातच राहते, हा आम्हां डॉक्टरांचा अनुभव. म्हणून पालक-शिक्षक भेटीत गुणांची चौकशी थोडी मागे ठेवून आम्ही आधी विचारावे: आमचे मूल वर्गात बोलते का, आणि ते बोलेपर्यंत कोणी थांबते का?