एकाच घटनेची दोन पुस्तकं



मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या पालकांची ही परिषद आहे. गणिताच्या किंवा विज्ञानाच्या पुस्तकांवरून आपल्यात फारसे वाद होत नाहीत. इतिहासाचा विषय निघाला, की मात्र घराघरांतून एकच प्रश्न येतो: समतोल पुस्तक कोणतं? माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एकट्या पुस्तकात समतोल शोधू नका. एकाच घटनेची दोन पुस्तकं घ्या, आणि त्यांतलं निदान एक असं घ्या, ज्यात आपली माणसं दुसऱ्याच्या दारात घोड्यावर बसून आलेली दिसतील.

शाळेतल्या मुलाला एकच पाठ्यपुस्तक मिळतं हे खरं, पण त्याच्या वर्गात वेगळ्या जातीची, धर्माची, गावांची मुलं असतात. मागच्या बाकावरून एखादा असा प्रश्न येतो, की सगळा धडाच वेगळा दिसू लागतो. आपल्या मुलांना तो मागचा बाक नाही. दहावीला तुम्ही एनआयओएसची मुक्त शाळा घ्या किंवा राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरा, परीक्षेपुरता अभ्यासक्रम मिळेलच. त्याआधीच्या सगळ्या वर्षांत मात्र मुलाचा इतिहास म्हणजे तुमच्या घरातलं पुस्तकांचं कपाट.

मराठी घरातल्या या कपाटात बहुधा कादंबऱ्या असतात: ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘छावा’, ‘पानिपत’. त्या काढून टाका असं मी मुळीच म्हणणार नाही. थोरल्या माधवरावांविषयीचा जिव्हाळा कित्येकांच्या मनात ‘स्वामी’नेच रुजवला. पण रात्री एकांतात पेशवा काय बोलला, हे लेखकाने रचलेलं असतं. मुलाला हे स्पष्ट सांगावं, आणि कादंबरीशेजारी एखादं अस्सल साधन ठेवावं.

साधन म्हटलं की पालक बिचकतात. बिचकू नका. ६ जून १६७४ चा शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक घ्या. कृष्णाजी अनंत सभासदाने महाराजांच्या निधनानंतर सतरा वर्षांनी, १६९७ मध्ये, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला बखर लिहिली. बत्तीस मणांचं सोन्याचं सिंहासन त्यात आहे. त्याच प्रसंगी इंग्रज कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन तहाच्या कामासाठी रायगडावर होता, आणि त्याचंही टिपण आपल्यापाशी आहे. एवढ्या अवघड वाटेने गडावर हत्ती चढवले तरी कसे, याचं त्याला नवल वाटलं. दहा-अकरा वर्षांच्या मुलापुढे हे दोन उतारे सोप्या भाषेत ठेवा. सभासद कोणासाठी लिहीत होता आणि ऑक्झिंडन कोणाला कळवत होता, हे मूल स्वतःच विचारू लागतं. आमच्या पिढीला हा प्रश्न फार उशिरा भेटला.

इतिहास साधनांशी ताडून पाहण्याचं हे वळण आपल्याकडे नवं नाही. ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये आला. पुढे चाळीसएक वर्षांनी नीलकंठ जनार्दन कीर्तने या विशीतल्या तरुणाने त्यावर सडेतोड टीका लिहिली. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ पासून साधनांचे खंड काढले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. परक्याने लिहिलेल्या इतिहासाला कागदांनी उत्तर द्यायचं, ही मराठी अभ्यासाची थोर परंपरा. तीच कसोटी आता आपण आपल्या लाडक्या पुस्तकांना लावली पाहिजे.

आणि इथे मी बंगालपाशी थांबणार आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर १७४२ मध्ये फौज घेऊन बंगालमध्ये उतरले. त्या धास्तीने कलकत्त्याभोवती इंग्रजांनी खंदक खणायला घेतला. ‘मराठा डिच’ हे त्याचं नाव. पुढच्याच वर्षी नानासाहेब पेशवे बंगालच्या नवाबाच्या बाजूने रघूजींवरच चालून गेले. १७४४ मध्ये अलीवर्दी खानाने भास्कररामांना बोलणीसाठी तंबूत बोलावून दग्याने मारवलं. १७५१ च्या तहात वर्षाला बारा लाखांची चौथाई ठरली. आपल्या पुस्तकांत बहुधा हा दगा आणि ही चौथाई येते. गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात बंगालीत ‘महाराष्ट्र पुराण’ रचलं. त्यात जळणारी गावं, डोक्यावर गाठोडी घेऊन पळणारी माणसं, बायकांवरचे अत्याचार आहेत. बंगाली आया आजही ज्या अंगाईत बारगिरांचं, म्हणजे मराठा स्वारांचं, भय घालतात, ते भय याच स्वाऱ्यांचं.

गंगाराम मराठ्यांचा सरसकट द्वेष्टा नव्हता. पापी झालेल्या राज्याला शासन करायला शिवानेच मराठ्यांना धाडलं, अशी त्याच्या काव्याची सुरुवात आहे. त्यांनी ब्राह्मणांना आणि वैष्णवांना मारलं तेव्हा देवी त्यांच्यावर उलटली. म्हणजे तो कवीसुद्धा दोन बाजू पाहत होता! असं पुस्तक मुलाच्या हाती पडलं, तर शिवरायांवरची त्याची भक्ती कमी होईल अशी भीती मला वाटत नाही. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये ही महाराजांची शिस्त किती मोलाची होती, हे त्याला कदाचित बंगालमधूनच कळेल.

सात वर्षांच्या मुलाला कत्तलींची वर्णनं देऊ नयेत, हे उघड आहे. तपशील थांबवावा, खोटं सांगू नये. पुस्तक विकत घेण्याआधी मी दोन जागा उघडून पाहतो. एक, पराभवाचं प्रकरण: सगळा दोष एखाद्या फितुरावर टाकून लेखक मोकळा झाला आहे का? दुसरी, लुटीचं प्रकरण. आपण केली तर ‘मोहीम’ आणि दुसऱ्याने केली तर ‘आक्रमण’ असं असेल, तर ते पुस्तक एकटं घरी नेऊ नये. त्याच्या जोडीला महात्मा फुल्यांचा १८६९ चा शिवाजीमहाराजांचा पोवाडा, न्यायमूर्ती रानड्यांचा १९०० चा ग्रंथ, जदुनाथ सरकारांचं १९१९ चं चरित्र यांतलं काही ठेवावं. तिघांचे शिवाजी महाराज वेगळे दिसतात, आणि वयात येणाऱ्या मुलाला ते झेपतात.

नागपूरच्या कुटुंबांना माझी खास विनंती आहे. भोसल्यांच्या राजधानीत तुम्ही राहता. गंगारामाच्या काव्याचा मुलांना कळेल असा मराठी गोषवारा आणि त्याच्या समोरच्या पानावर भोसल्यांच्या बाजूची हकिगत, एवढी पुस्तिका तुम्ही तयार करा. बंगाली जाणणारे मराठी लोक आपल्यात आहेत, त्यांना सोबत घ्या. पुढच्या परिषदेत ती मुलांकडूनच वाचून घेऊ.