शेजारच्या घरात किती शिरावं?

बचत गट, हप्ते, कोंबड्या, पापड-लोणची यांवर आपण दर वेळी बोलतो. आज आम्ही समन्वयक मैत्रिणी थोडा वेगळा विषय घेऊन आलो आहोत. ताकदवान देशानं शेजारच्या लहान देशाच्या राजकारणात हात घालावा का?

तुम्ही म्हणाल, हे दिल्लीवाल्यांचं काम, त्याच्याशी आपला काय संबंध? पण आपल्या कोकणात पावसाळा सरला की आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळची माणसं येतात. कितीतरी जण बायकापोरांसह येतात आणि हंगाम संपेपर्यंत राहतात. आपण त्यांना सरसकट ‘गुरखा’ म्हणतो आणि पुढे जातो. आजची गोष्ट त्यांच्या देशाची आहे, आणि त्या गोष्टीतला मोठा शेजारी म्हणजे आपणच.

नेपाळला समुद्र नाही. तीन बाजूंना भारत आणि उत्तरेला हिमालयापलीकडे चीन. पेट्रोल, डिझेल, स्वयंपाकाचा गॅस, औषधं, यातलं बहुतेक सगळं भारतातून ट्रकनं जायचं. 25 एप्रिल 2015 ला तिथे मोठा भूकंप झाला. जवळजवळ 9 हजार माणसं गेली, लाखो घरं पडली. त्या वेळी भारताची मदत लगेच पोहोचली. हा झाला खरा शेजारधर्म.

त्याच वर्षी 20 सप्टेंबरला नेपाळनं नवी राज्यघटना जाहीर केली. ती सगळ्यांना पटली नव्हती. भारताच्या सीमेला लागून जो सपाट मुलूख आहे, तिथल्या मधेशी आणि थारू लोकांचं म्हणणं होतं की प्रांतांच्या सीमा अशा आखल्या आहेत की आमचं बळ विखुरलं जाईल. बायकांचाही एक मोठा प्रश्न होता. नेपाळी पुरुषानं परदेशी बाईशी लग्न केलं तर त्यांच्या मुलांना नागरिकत्व सहज मिळेल, पण नेपाळी बाईनं परदेशी पुरुषाशी लग्न केलं तर तिच्या मुलांना ते तसं मिळणार नाही, अशी तरतूद होती. या मुलखाचं आणि बिहार-उत्तर प्रदेशाचं पिढ्यान्‌पिढ्या रोटी-बेटीचं नातं. म्हणजे फटका कोणाला बसणार, ते तुम्हीच ओळखा. आंदोलनं झाली, 40 हून अधिक माणसं मेली.

म्हणजे तक्रार खरी होती. प्रश्न असा, की ती सोडवायची कोणी आणि कशी?

घटना जाहीर होण्याच्या दोन दिवस आधी भारताचे परराष्ट्र सचिव काठमांडूला जाऊन आले. सगळ्यांना सोबत घ्या, असा निरोप होता. तरी घटना ठरल्या दिवशी जाहीर झाली. भारतानं तिचं स्वागत केलं नाही, नुसती ‘नोंद घेतली’. पुढच्या काही दिवसांतच सीमेवर ट्रक थांबले. रक्सौल-बीरगंजच्या मोठ्या नाक्यावर आंदोलक पुलावर बसले होते. भारत सरकार म्हणालं, आम्ही काही अडवलेलं नाही, अडवणूक तुमच्या बाजूला आहे. नेपाळ सरकार म्हणालं, ही भारताची न सांगता केलेली नाकेबंदी आहे. जिथे आंदोलक नव्हते तिथूनही टँकर मोजकेच का येतात, असं तिथले लोक विचारत होते. दोन सरकारांचा हा वाद आजही मिटलेला नाही. पण ट्रक जवळजवळ साडेचार महिने, फेब्रुवारी 2016 पर्यंत, नीट गेले नाहीत, हे नक्की.

या साडेचार महिन्यांत बायकांचं काय झालं? गॅस इतका कमी पडला की सरकारला सिलिंडर अर्धे भरून वाटावे लागले. शहरातल्या बायकाही पुन्हा लाकडावर रांधू लागल्या. भूकंपात घर गेलेली कुटुंबं ताडपत्रीखाली थंडी काढत होती. पाच वर्षांखालची 30 लाखांहून अधिक मुलं इंधन, अन्न, औषधं आणि लसींच्या टंचाईमुळे धोक्यात आहेत, असा इशारा त्या नोव्हेंबरात युनिसेफनं दिला. घटना लिहिणारे पुढारी काही उपाशी झोपले नाहीत. चूल विझली ती ज्यांना त्या घटनेबद्दल कोणी विचारलंही नव्हतं त्यांची.

आणि एवढं होऊन मिळालं काय? जानेवारी 2016 मध्ये घटनेत दुरुस्ती झाली, थोड्या मागण्या मान्य झाल्या, पण मधेशी पक्षांचं समाधान झालं नाही. उलट, ‘तुम्ही भारताची माणसं’ असा शिक्का त्यांच्यावर अधिक घट्ट बसला. ज्यांची बाजू घ्यायला गेलो, त्यांचीच बाजू लंगडी झाली. मार्चमध्ये नेपाळनं चीनशी मालवाहतुकीचा करार केला. 2017 च्या निवडणुकीत, भारतापुढे वाकलो नाही असं सांगणाऱ्या ओलींच्या आघाडीला मोठं बहुमत मिळालं.

हे आपल्याला नवीन नाही. वाडीत एकाच घरची विहीर असते. उन्हाळ्यात सगळ्या वाडीला पाणी द्यावं, हा त्या घराचा मोठेपणा. पण उद्या तो मालक म्हणाला, ‘ग्रामपंचायतीला अमक्याला मत द्या, नाहीतर दोर काढून घेतो,’ तर? माणूस कदाचित चांगलाच सुचवत असेल. तरी हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या मनात त्या दिवसापासून विहिरीबद्दल उपकार राहत नाही, राग राहतो. ती दुसरी विहीर शोधते, लांब असली तरी.

आता काही मैत्रिणी विचारतील, मग शेजारी मारामारी चालली तरी गप्प बसायचं का? नाही. 1971 आठवा. पूर्व पाकिस्तानात लष्करानं आपल्याच लोकांवर बंदुका रोखल्या आणि सुमारे 1 कोटी माणसं जीव वाचवायला भारतात आली. आपल्यातल्या ज्येष्ठ बायकांना आठवत असेल, तेव्हा पत्रावर निर्वासितांच्या मदतीचं 5 पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं. तिथे प्रश्न माणसं जगवण्याचा होता, आणि त्याचा भार आपल्या दारात येऊन पडला होता. डिसेंबरात युद्ध झालं, बांगलादेश स्वतंत्र झाला, आणि मार्च 1972 पर्यंत भारतीय सैन्य परत आलं. आम्हाला वाटतं, परत येणं हेही तितकंच महत्त्वाचं. आग विझवायला घरात शिरलेल्या माणसानं मग तिथेच बसून घरची कर्ती कोण, हे ठरवू नये.

तेव्हा आमचं मत असं. मोठ्या देशानं शेजाऱ्याला सल्ला जरूर द्यावा, पण उघडपणे द्यावा. आपत्तीत धावून जावं. लोकांची कत्तल होत असेल तर डोळे मिटू नयेत. पण राज्य कोणी करावं आणि घटना कशी लिहावी, हे त्यांचं त्यांना ठरवू द्यावं. चुकलं तर तिथल्या लोकांनी भांडून दुरुस्त करावं, जसं आपण आपल्या देशात भांडतो. आणि गॅस, औषध, धान्य यांना कधीच काठी बनवू नये. ती काठी पुढाऱ्याच्या पाठीत बसत नाही, बाईच्या चुलीवर बसते.

या महिन्याच्या गटाच्या बैठकीत दहा मिनिटं यावर बोला. तुमचं मत वेगळं असेल तर तेही आम्हाला कळवा. निवडणुकीत कोणी भाषणात म्हणालं, ‘शेजाऱ्याचं नाक दाबू,’ तर टाळी वाजवण्याआधी विचारा, नाक दाबल्यावर गुदमरणार कोण? आणि जवळच्या बागेत नेपाळी कुटुंब राहत असेल तर त्या बाईला नावानं हाक मारा, तिचं मूल अंगणवाडीत जातं का ते बघा. दोन देशांचं जे काही होईल ते होवो, निदान एवढा शेजार तरी आपल्या हातात आहे.