आधी न्याहारी, मग शिकवण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा साधेच बोलते.

पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले होते. तरी तिबिर्याच्या समुद्राकाठी प्रभूने त्याला लगेच जाब विचारला नाही. रात्रभर जाळे टाकून तो दमला होता. कोळशाच्या विस्तवावर मासळी होती, भाकर होती. न्याहारी झाल्यावर तीनदा विचारले, तेही प्रीतीविषयी. आणि प्रत्येक वेळी मेंढरांचे काम सोपविले. योहानाच्या २१ व्या अध्यायात हे आहे.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मन वळायला इतका अवधी लागतो.

नवी मुलगी दोन आठवडे प्रार्थनेला आली नाही, की चारचौघींत तिला विचारले जाते, "का गं, विश्वास ढळला की काय?" मग ती येतच नाही. घरी सासू अंथरुणाला खिळलेली असते, हे कोणाला ठाऊक नसते. म्हणून तिच्या घरी जावे, हाताला हात लावावा, ऐकावे. आपल्याच मनात राग असेल, तर त्या दिवशी जाऊ नये. आणि तिने सांगितलेले, प्रार्थनेच्या निमित्तानेसुद्धा, चव्हाट्यावर आणू नये.